मोहरीएवढं छिद्र

दर गुरुवारी दुपारी मंजुश्री एक अपघात शिकवायची.

लातूरच्या धावपट्टीच्या कडेला वैमानिक तयार करणारी एक लहानशी संस्था होती. दोन जुनी, दोन आसनी विमानं, डझनभर पोरंपोरी, सगळ्यांवर खेकसणारे एक कॅप्टन आणि विमानांची दुरुस्ती सांभाळणारे कलीमभाई, एवढाच पसारा. मंजुश्री चाकूरची. फिजिक्स घेऊन पदवी झाली आणि ती इथं हवामान आणि उपकरणं शिकवायला लागली. गुरुवारचा तास मात्र तिनं कॅप्टनच्या मागे लागून मिळवला होता. अलीकडे लहान विमानांचे जे अपघात झाले त्यांचे चौकशी अहवाल ती बारकाईनं वाचायची, मुलांपुढं तो अपघात पहिल्यापासून उभा करायची आणि शेवटी फळ्यावर एकच वाक्य लिहायची. ते वाक्य पुढच्या गुरुवारपर्यंत कुणी पुसायचं नाही, असा तिचा दंडक होता. गेलेल्या माणसाकडून आपल्याला एवढंच मिळतं, ते तरी नीट घ्यावं, असं तिला वाटायचं.

खंडेनवमीनंतरच्या गुरुवारी तिनं एका शिकाऊ वैमानिकाची गोष्ट सांगितली. तो ढगात शिरला. बाहेर काही दिसेना. विमान सरळ चाललेलं असताना त्याच्या कानांनी, त्याच्या पोटानं त्याला सांगितलं की आपण कलतोय. समोरचे काटे सरळ असल्याचं दाखवत होते. त्यानं काट्यांचं ऐकलं नाही, अंगाचं ऐकलं. मंजुश्रीनं फळ्यावर लिहिलं: काटा सांगतो ते खरं, अंग सांगतं ते खोटं.

मागच्या बाकावरून रुद्रेशनं हात वर केला. उदगीरचा पोरगा, घरचं पूजेच्या सामानाचं दुकान. बोलण्यात कुणाला हार जायचा नाही.

"मॅडम, आमच्या अप्पांचं उलटं हाय. तराजूचा काटा काय बी म्हणू दे, त्यांचा हात म्हणंल तेच वजन."

वर्ग हसला. मंजुश्रीही हसली. म्हणाली, अप्पांना विमानात बसवू नकोस म्हणजे झालं.

अप्पा म्हणजे नागप्पा. खंडेनवमीला ते मुद्दाम उदगीरहून आले होते. मंजुश्री त्या दिवशी चाकूरला घरी होती, पण तिला सगळं कलीमभाईंकडून कळलं. दुकानातला तराजू, अडकित्ता, पोराची जुनी सायकल या सगळ्याची पूजा करून झाल्यावर नागप्पांना पोराचं विमान आठवलं. विभूतीचा गोळा सहाणेवर उगाळून ते पितळी वाटी घेऊन हँगरमध्ये हजर झाले. विमान वाऱ्यात जातं, साधी विभूती तिथं काय टिकणार, म्हणून त्यांनी तिच्यात डिंकाचं पाणी मिसळलं होतं. दाराच्या पुढं, डाव्या अंगाला, माणसाचं कपाळ यावं अशा उंचीवर त्यांनी तीन बोटांनी तीन पट्टे ओढले. दुसरं विमान तेव्हा नुसतंच उभं होतं, त्याचा प्रोपेलर दुरुस्तीला हैदराबादला गेला होता. एकाला लावायचं अन् दुसऱ्याला न्हाई असं कसं, म्हणून त्यालाही त्याच जागी लावले. कॅप्टननं हात जोडले. सगळ्यांना पेढे मिळाले.

मंजुश्रीनं ते पट्टे दुसऱ्या दिवशी पाहिले. पांढऱ्या पत्र्यावर राखाडी, सरळ, सारख्या अंतराचे. छान दिसत होते.

त्यानंतर आठवडाही गेला नाही. रुद्रेश एकटा लातूरहून नांदेडला निघाला. उमरीवरून वळसा घ्यायचा, नांदेडला उतरायचं, दुपारपर्यंत परत यायचं, असं ठरलं होतं. लातूरला ऊन होतं. पुढं वाटेत धुई होती, पण फार दाट नव्हती. उमरीच्या अलीकडे एका कापसाच्या रानात विमान पडलं. वेचणीला आलेल्या सुमनबाईंनी ते पडताना पाहिलं. विमान लई हळू आलं, त्यांनी पोलिसांना सांगितलं, नाक वर करून आलं, मंग एका कुशीवर गेलं अन् बसलं. आग लागली. त्यांनी अंगावरची ओढणी ओली करून विमानाकडे धावायचा प्रयत्न केला, पण जवळ जाता आलं नाही.

नागप्पांच्या घराण्यात माणसाला बसवून माती देतात. रुद्रेशला बसवता आलं नाही. मातीला गेलेली पोरं परत आल्यावर एवढंच बोलली.

कॅप्टनचं मत लगेच तयार झालं होतं. पोरगा धुईत बावचळला, काटे बघायचे सोडून बाहेर बघत बसला. वर्गातल्या मुलांनीही तेच धरलं. फळ्यावरचं वाक्य अजून तसंच होतं, आणि मुलं त्याच्याकडे अशी बघायची जसं काही त्यात सगळं आधीच लिहिलेलं होतं. रुद्रेशनं ऐकलं नाही, मॅडम, एकजण म्हणाला. तुम्ही सांगितलं होतं.

मंजुश्रीला ते पटत नव्हतं. नांदेडच्या विमानतळाशी रेडिओवर झालेलं रुद्रेशचं बोलणं तिला कॅप्टनकडून कळलं होतं. त्याला खाली यायला सांगितलं, तो खाली येतोय म्हणाला. जरा वेळानं उंची विचारली, त्यानं आकडा सांगितला. पुन्हा विचारली, तोच आकडा. तिसऱ्यांदाही तोच. मग तो म्हणाला की वेग फार वाढतोय, कमी करतो. त्याच्या आवाजामागं एक भोंगा वाजत होता. विमान फार हळू झालं, पंखांचा आधार सुटायला आला, की वाजतो तो भोंगा. बस.

वेग फार वाढलाय असं सांगणाऱ्या माणसाच्या विमानात वेग संपल्याचा भोंगा वाजतो. आणि खाली येणारा माणूस उंची तीच सांगतो. हा बावचळलेला पोरगा नव्हता. तो काटे बघत होता, आकडे वाचून दाखवत होता. काटेच खोटं बोलत होते. आणि दोन्ही काटे एकदम खोटं बोलायचे तर त्याला जागा एकच होती.

त्या विमानाच्या डाव्या अंगाला, दाराच्या पुढं, एक छिद्र असतं. मोहरीएवढं. स्टॅटिक पोर्ट म्हणतात त्याला. बाहेरची हवा तिथून आत जाते आणि तिच्या दाबावरून उंचीही कळते आणि वेगही. नव्या विमानांना याला पर्यायी वाट असते, या जुन्या विमानांना नव्हती. वर असताना ते बुजलं, तर उंचीचा काटा तिथंच अडकतो. मग खाली येऊ लागलं की वेगाचा काटा खऱ्यापेक्षा जास्त दाखवायला लागतो. उपकरणांच्या तासाला ती हे दर तुकडीला शिकवायची. फळ्यावर विमानाची आकृती काढून त्यावर टिंब द्यायची. ते टिंब आणि हँगरमधले तीन पट्टे तिच्या डोक्यात इतके दिवस दोन वेगळ्या ठिकाणी राहिले होते.

ती हँगरमध्ये गेली. दुसरं विमान प्रोपेलरविना तसंच उभं होतं, नवमीपासून हललं नव्हतं. तिनं पट्ट्यांवर नख फिरवलं. मधल्या पट्ट्याखाली, नखाला जाणवेल न जाणवेल असा एक खळगा होता.

कलीमभाईंना तिनं काही न सांगता आत बसायला सांगितलं, उंचीच्या काट्यावर नजर ठेवायला सांगितलं. मेडिकलमधून आणलेली सलाईनची नळी आणि सिरिंज तिच्याकडे होती. नळीचं तोंड रबरी वाटीनं पट्ट्यावर दाबून तिनं अगदी हळू हवा ओढली.

"हलतो का?"

"हाव. जरा सुस्त हाय, पण चढून राहिला."

म्हणजे वाळलेल्या डिंकाला बारीक तडे होते आणि त्यातून हवा जात होती. म्हणूनच रुद्रेशचं विमान तेवढे दिवस नीट उडत राहिलं. तिनं चहाची किटली आणली आणि वाफ पट्ट्यांवर धरली. धुई म्हणजे तरी काय, हवेत तरंगणारं पाणीच. डिंक पाणी पितो, फुगतो. बघता बघता राखाडी पट्टे काळपट झाले, चकाकायला लागले. तिनं पुन्हा नळी लावली.

"आता?"

"न्हाई."

"नीट बघा, कलीमभाई."

"नीटच बघून राहिलोय, मॅडम. मेल्यावानी पडलाय काटा."

तिनं नळी काढली. कलीमभाई खाली उतरले, पट्ट्यांकडे आले आणि न विचारताच त्यांना सगळं समजलं. ते चाकाजवळ जमिनीवर बसले. बोलले ते पत्र्याकडे बघत. नवमीनंतर त्यांनी रुद्रेशचं विमान दोनदा धुतलं होतं. दोन्ही वेळेला पट्ट्यांना फडकं लागू दिलं नव्हतं, भोवतीनं पुसून घेतलं होतं.

"दुसऱ्या कुणी पुसलं तर चुकून पुसलं म्हणतेत," ते म्हणाले. "म्या पुसलं असतं तर काय म्हणले असते? तुम्हीच सांगा."

पूजेची खूण हातानं पुसायची नसते, आपोआप जाईल तेव्हा जाऊ द्यायची, हे मंजुश्रीलाही घरी शिकवलेलं होतं. तीही त्या विमानाजवळून रोज गेली होती.

"अन् तो," कलीमभाई म्हणाले, "चढायच्या आधी विमानाभवती चक्कर मारून सगळं तपासायचा ना. त्या छिद्रापाशी आला की पट्ट्याला बोट लावायचा, मंग कपाळाला लावायचा. रोज. मला वाटायचं, किती सोन्यासारखं लेकरू हाय."

तिनं चौकशी अधिकाऱ्यांना सगळं कळवलं. ते आले, फोटो काढले, पट्ट्यांची खरड काढून पुडीत घेतली, पुन्हा नळी लावून पाहिलं. जळालेल्या विमानाच्या त्या बाजूचा पत्रा वितळून गेला होता, त्यामुळं खात्रीनं कधीच सांगता येणार नाही, हेही म्हणाले. अंतिम अहवाल यायला वेळ लागेल, तोवर बाहेर बोलू नका. जाताना त्यांनी कलीमभाईंना विमान पुसायला सांगितलं.

बापाला सांगायचं की नाही, यावर कॅप्टन पहिल्यांदाच न खेकसता बोलले. उदगीरला जाऊन आल्यापासून त्यांचा आवाज बसला होता. त्यांचं म्हणणं, अहवाल येईल तेव्हा येईल, तोवर त्या माणसाला जगू द्या. कलीमभाईंचंही तेच. मंजुश्रीला एक गोष्ट आत टोचत होती. सगळे म्हणत होते पोरगा बावचळला. नागप्पाही तेच ऐकून होते, दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांकडून, पाहुण्यांकडून. आपलं पोरगं शिकवलेलं विसरलं, हे ते खाली मान घालून ऐकून घेत असतील. रुद्रेश काहीही विसरला नव्हता. धुईत, भोंगा वाजत असताना, अंगाला पडतोय असं कळत असताना, तो तिनं फळ्यावर लिहिलेल्या वाक्याप्रमाणं वागला होता. हे त्याच्या बापाला सांगायचं तर पुढचंही सांगावं लागत होतं. ती गप्प राहिली.

गुरुवार येत राहिले. ती अपघात शिकवेनाशी झाली, हवामानच पुढं ढकलत राहिली. फळ्यावरचं वाक्य पुसायला तिचा हात उचलत नव्हता, आणि मुलं तर नियम पाळणारी.

प्रोपेलर परत आला. कलीमभाईंनी तो चढवला, चाचण्या झाल्या. विमान पुन्हा उडवायच्या सकाळी शिवकन्या पहिली जाणार होती. अहमदपूरकडची पोरगी, वर्गातली सगळ्यात धीट, पण त्या दिवशी हातमोजे काढत होती, घालत होती. तेवढ्यात हँगरच्या दारात एक जीप थांबली. पुतण्या राजशेखरचा हात धरून नागप्पा उतरले. दुसऱ्या हातात पितळी वाटी होती.

कुणीतरी त्यांना कळवलं होतं की विमान आज निघतंय. त्यांनी कॅप्टनना नमस्कार केला, मुलांची एकेकाची चौकशी केली. उमादेवी, म्हणजे रुद्रेशची आई, अजून अंथरुणालाच होती म्हणाले. मग विमानाच्या डाव्या बाजूला आले आणि थांबले.

"इथं लावली होती म्या."

त्यांनी मागं वळून सगळ्यांकडे पाहिलं.

"कुणी पुसली?"

"म्या पुसली, अप्पा," कलीमभाई म्हणाले.

राजशेखर पुढं झाला. तुला कुणी सांगितलं होतं पुसायला, एवढंच तो म्हणाला, पण ज्या आवाजात म्हणाला त्यानं सगळ्यांच्या माना वळल्या. कलीमभाई हातातलं फडकं घडी करत राहिले. वरून हुकूम होता, असं ते म्हणू शकले असते. मग का हुकूम होता, हे आलं असतं. ते म्हणाले, "चुकलं माझं."

नागप्पांनी पुतण्याला हातानंच मागं सारलं. "राहू दे. त्याच्या मनात काही नसंल." पण कलीमभाईंकडे त्यांनी पाहिलं नाही. वाटीत तीन बोटं बुडवली. "पुन्हा लावतो. ही माय चढणार ना आज? माझ्याचं झालं ते झालं. हिला काही होऊ नये."

कॅप्टन घाईनं म्हणाले, या खेपेला नाकावर लावा अप्पा, समोरून कशी शोभून दिसेल. नागप्पांनी मान हलवली. ज्या जागी त्याच्या विमानाला लावली होती त्याच जागी लावणार, ते म्हणाले, हात उचलला, आणि कलीमभाईंनी मधे येऊन आपला पंजा पत्र्यावर ठेवला.

"आता हातबी लावू देईना का हा," राजशेखर म्हणाला.

"कलीम, हात काढ," नागप्पा म्हणाले.

कलीमभाईंनी हात काढला नाही. त्यांच्या तोंडावर घाम आला होता. अजून एक शब्द गेला असता तर काय झालं असतं ते मंजुश्रीला स्वच्छ दिसलं. ती पुढं झाली.

"अप्पा, थांबा."

"का गं माय? सुतकाचं म्हणतीस का? आमच्यात पाळत न्हाईत सुतक."

"त्याचं नाही." ती कलीमभाईंकडे वळली. "कलीमभाई, काढा हात."

कलीमभाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग हात खाली घेतला.

नागप्पांनी आयुष्यभर तांदळातले खडे, तुपातली भेसळ नजरेनं ओळखली होती. त्यांना ते छिद्र दिसायला वेळ लागला नाही. ते वाकले. कोरडा हात पुढं करून करंगळीनं चाचपून पाहिलं.

"हे काय हाय?"

"इथून विमान हवा घेतं," मंजुश्री म्हणाली. "त्यावरून उंची कळते. वेगही कळतो."

"आन् बुजलं तर?"

तिला उत्तर येत होतं, फळ्यावर आकृती काढून ती ते दर तुकडीला द्यायची. आता तिची नजर त्यांच्या हातातल्या वाटीवर गेली. नागप्पांनीही वाटीकडे पाहिलं, आपल्या बोटांकडे पाहिलं.

"सगळे म्हणत्यात पोरगं बावचळलं," नागप्पा म्हणाले.

"नाही, अप्पा. तो काटे बघत होता. शिकवलं होतं तसंच वागला तो, शेवटपर्यंत."

त्यांनी मान हलवली. ती हलतच राहिली.

"त्याच्या मायला कळू देऊ नका."

"अहवाल छापून येईल, अप्पा. कुणालाही वाचता येतो."

"कवा?"

"माहीत नाही."

शिवकन्या एका बाजूला उभी राहून रडत होती. कॅप्टननं तिला आज उड्डाण नाही म्हणून सांगितलं. नागप्पांनी वाटी जमिनीवर ठेवली, पुन्हा उचलली, कुठं ठेवावी ते त्यांना कळेना. शेवटी मंजुश्रीनं ती त्यांच्या हातातून घेतली. मग ते हँगरबाहेरच्या पाण्याच्या टाकीपाशी गेले आणि हात पुढं धरून उभे राहिले. कलीमभाईंनी डबा भरला आणि त्यांच्या हातावर पाणी धरलं. नागप्पा बोटं चोळत होते. राख निघून गेली, पण बोटं एकमेकांना चिकटत होती.

"डिंक लई घट्ट भिजवला म्या," ते म्हणाले.

कलीमभाईंनी डबा पुन्हा टाकीत बुडवला.